एका ओढीत इंजिन

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं टिपणं ठेवतात. पुढे लोक विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं, तेव्हा आठवत बसावं लागत नाही.
काम: सासरेबुवांच्या होडीचं इंजिन. वयाने माझ्या लग्नापेक्षा मोठं, स्वभावाने सासरेबुवांवर गेलेलं. दोरी दहा-बारा वेळा ओढल्याशिवाय दाद देत नाही. कारण आतले जुने पॉइंट्स. धातूचे दोन इवलेसे तुकडे. ते उघडतात-मिटतात तेव्हा ठिणगी पडते. त्यांच्यावर काजळी धरते. मग सासरेबुवा चष्मा कपाळावर चढवून, सासूबाईंची नखं घासायची कानस घेऊन ते घासत बसतात आणि आम्ही होडीत बसून त्यांच्या पाठीकडे बघत बसतो.
२३ तारखेला त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. तलावात फेरी मारायची आणि होडी दोघा जावयांपैकी कोणाला ते तिथेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलंय. मी किंवा साडू. साडूला स्क्रूड्रायव्हर कुठल्या टोकाला धरतात हेही माहीत नाही.
इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवलं आहे. पॉइंट्स नाहीत, काजळी नाही, कानस नाही. एका ओढीत इंजिन.
हिचं म्हणणं, चालतंय ते चालू दे. अशानेच प्रगती खुंटते.

५ मार्च
धुऊन-पुसून देतो असं सांगून होडी ट्रेलरसकट अंगणात आणली. किटचं गुपित ठेवलंय. होडीच्या तळाला घाण पाणी साचलं होतं. मागचं बूच काढून सगळं वाहू दिलं. बूच शर्टाच्या खिशात ठेवलं. वस्तू नीट ठेवायची सवय मला लहानपणापासून.
साडूचा फोन. तो होडीसाठी उशा शिवून घेतोय. उशा! माणसाने हसावं की रडावं.

८ मार्च, दुपार
किट आलं. सोबतचा कागद वाचला नाही. व्हिडिओ पाहिला, पुरे. इंजिनावरचं जड चाक ओढून काढायला खास अवजार लागतं असं व्हिडिओतला पोरगा म्हणाला. मी दोन पाने आणि हातोडा घेतला. चाक निघालं. ते थेट हिच्या शेवंतीच्या कुंडीत गेलं. ही जे बोलली ते इथे लिहीत नाही.
संकल्प: नवी कुंडी. यापुढे कामाला बूट घालणे.

९ मार्च
हिला वॉशिंग मशीनमध्ये रबराचं एक बूच सापडलं. हे काय म्हणून विचारलं. मी निरखून पाहिलं आणि किटमधलं जादा सामान असणार म्हणून सांगितलं. बेसिनचं बूच कधीचं हरवलंय, तिथे ते फिट्ट बसलं. ही चक्क खूश झाली. घरबसल्या आणखी एक सुधारणा.

१० मार्च
इंजिनाला निळा रंग दिला. अगदी आतपर्यंत, दोन हात. अर्धं श्रेय दिसण्याला असतं.

१२ मार्च
जुने पॉइंट्स काढून कुंडीत टाकले, किट बसवलं. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, लाकडं कापताय का? लक्ष दिलं नाही. दोष पेट्रोलचा असावा.

१३ मार्च
पेट्रोल बदललं. दोष प्लगचा असावा.

१४ मार्च
प्लग बदलला. दोष हवेचा असावा. उजवा खांदा वर जात नाही. केस डाव्या हाताने विंचरले. ही म्हणाली, तसेच बरे दिसतात.

१६ मार्च
किट सदोष आहे अशी कंपनीला कडक मेल टाकली. उलट त्यांनीच विचारलं की काळी वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकली आहे ना. असल्या बालिश प्रश्नांना मी उत्तर देत नाही.
सासरेबुवांचा फोन. होडी काय म्हणतेय? म्हटलं, ओळखू येणार नाही. त्यांनी लगेच फोन ठेवला. भारावले असावेत.

१९ मार्च, संध्याकाळ
आज दोरी माझ्या हातातच आली. नवी घातली. पायरीवर बसून राहिलो. होडी साडूला गेली तर जन्मभर त्याच्या उशीवर बसून फिरावं लागेल.
ही बाहेर आली. तिने किटसोबतचा तो कागद वाचला. मग आतून नखांची कानस आणली, काळी वायर सोडवली, तिच्याखालचा माझा निळा रंग खरवडला, वायर परत बसवली आणि दोरी ओढली. एका ओढीत इंजिन सुरू.
अर्थात इतके दिवस ओढून ओढून मी ते सैल केलंच होतं. घट्ट बरणीचं झाकण शेवटच्या माणसाला उघडतं, तसं. असो. घोडं गंगेत न्हालं.

२२ मार्च
उद्यासाठी चार शब्द तयार केलेत. सुरुवात नम्र. इंजिन होडीला पुन्हा लावलं. सगळं तपासलं. म्हणजे इंजिन.

२३ मार्च, दुपार
धक्क्यावर सगळे जमले. होडी पाण्यात सोडली. साडूने उशा मांडल्या, केशरी, कडेला झालर. सासरेबुवा खिशातून कानस काढून पुढे सरसावले. मी अदबीने म्हटलं, त्याची गरज नाही. दोरी ओढली. एका ओढीत. धक्क्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.
सासरेबुवांनी कानस परत खिशात ठेवली. त्यांना आता करायला काही उरलं नव्हतं. तेवढं मात्र बघवलं नाही.
निघालो. मी भाषण सुरू केलं. नम्र भाग संपत आला तेव्हा सासरेबुवांनी पाय वर घेतले. माझे मोजे गार लागत होते. मला वाटलं, बोलताना होत असेल. मग ही म्हणाली, अहो, पाणी.
होडी किनाऱ्याजवळच बसली. पाणी कमरेएवढंच होतं. साडूच्या उशा तरंगल्या. एकीला धरून सासरेबुवा अगदी संथपणे किनाऱ्याला लागले.
इंजिन शेवटपर्यंत बंद पडलं नाही. पाणी वर आलं तेव्हाच थांबलं. याची कोणीतरी दखल घ्यायला हवी. होडीच जुनी. तळाला भेग असणार.

२४ मार्च
होडी वर काढली. भेग नाही. एक भोक आहे, अगदी गोल. साडू विचारत होता, इथलं बूच कुठंय? मी सांगितलं, माझ्याकडे असं काही कोणी दिलं नव्हतं.

२५ मार्च
निकाल लागला. होडी साडूला. इंजिन मला. आणि जुने पॉइंट्स फेकले नसतील तर परत हवेत, असा सासरेबुवांचा निरोप आहे. ते हिने कुंडीच्या मातीतून उचलून डब्यात ठेवले होते म्हणे. साडूच्या होडीला सासरेबुवा बाजारातून जुनं इंजिन आणणार आहेत. पॉइंट्स घासावे लागतील असं.

२६ मार्च, सकाळ
माझं इंजिन उघडून वाळवलं. अंगणात, ड्रममध्ये उभं आहे. आजही एका ओढीत सुरू होतं. जात कुठेच नाही.
ग्रीसचे हात धुवायला गेलो. बेसिन भरलं. काळं पाणी तुंबून राहिलं. आत हात घालून बूच काढलं. रबराचं, मध्ये पितळी स्क्रू. बराच वेळ हातात धरून उभा होतो. पाणी गेलं.
ही दारात होती. टॉवेल दिला.
बूच साडूला द्यायला हवं. पण मग बेसिनला काय लावायचं?