पेत्राच्या मागोमाग विहिरीत

न्हाय, तुम्ही आधी हसायचं थांबवा. चोवीस वर्षांच्या माणसानं मृत्युपत्र करू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, दाखवा. वय झाल्यावर कर म्हणता? मला आज अकरा वाजता मरायचंय. तोवर वय कुठनं आणू?

तर लिहून ठेवतो की मी, रणधीर बलभीम शिनगारे, वय चोवीस, शिक्षण बी.ए., धंदा कविता (म्हणजे धंदा नाही), राहणार ढोकी, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीवर असून, कुणी दम दिलेला नसून, डोकं जागेवर ठेवून हे मृत्युपत्र करतो. आज लिंबाजीकाकांच्या विहिरीत माझा बाप्तिस्मा आहे, म्हणजे येशूच्या नावानं पाण्यात बुडवून वर काढणं. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, जुना माणूस पाण्यात मरतो, नवा वर येतो. नवा येईल तेव्हा येईल. जुन्याची मालमत्ता वाऱ्यावर सोडता येत नाही.

शिवाय मला पोहता येत नाही. विहिरीला पायऱ्या आहेत. शेवटची पायरी कंबरभर पाण्यात, आणि तिच्यापुढं चाळीस फूट. पोहता पाळकसाहेबांनाही येत नाही. म्हणून खोल बाजूला पाण्यात अण्णा थांबणार आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी बुडी मारून वर काढणं हा त्यांचा धंदा. आसपासच्या बारा गावांतल्या विहिरींचे तळ त्यांच्या हाताला पाठ आहेत. आणि त्यांच्या पोटी मी.

कलम एक. वाळका भोपळा, नग एक. आठव्या वर्षी अण्णांनी हा माझ्या पाठीला बांधला आणि मला पाण्यात सोडलं. मी त्यांच्या मानेवर चढलो आणि कानाला कडाडून चावलो. येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही कान तोडला, पण परक्या माणसाचा, तलवारीनं. मी सख्ख्या बापाचा, दातानं. हा भोपळा धाकटी बहीण राजनंदिनीला. ती दोन दिवसांत पोहायला शिकली आणि तेव्हापासून रोज सांगते. आता भोपळ्यालाच सांगत बस म्हणावं.

कलम दोन. कवितांच्या वह्या, सात. मित्र शंभूला. शंभू, वाचू नकोस. वाचल्या म्हणून आजवर खोटं बोललास तेवढं बास. तुझ्या शेळीपासून मात्र जप. तिनं एक अख्खी खाल्लीय. मला लाभलेला तेवढाच खरा वाचक.

कलम तीन. माझा कोरडेपणा. हा नावेतल्या त्या अकरा शिष्यांना. येशू पाण्यावरनं चालत आला तेव्हा 'येऊ का' विचारून पेत्र एकटा पाण्यावर उतरला, वारा बघून घाबरला, बुडायला लागला, आणि तेव्हापासून आपण उपदेश झोडतोय की विश्वास कमी पडला. अहो, नावेच्या काठाला घट्ट धरून बसलेल्या अकरांचा किती होता? बुडायला आधी उतरावं लागतं. आणि बुडताना तो "वाचवा" एवढंच ओरडला. शंभू म्हणाला, "एवढुशी प्रार्थना?" म्हटलं, "नाकात पाणी जाऊ दे, मग तू किती लांबवतोस बघू."

कलम चार. ह्याच्यासाठीच सगळं मृत्युपत्र. येशूला धरून नेलं तेव्हा पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. आणि येशूनं आधीच सांगितल्याप्रमाणं कोंबडा आरवला. गेल्या वर्षी धाराशिवला कॉलेजच्या संमेलनात माझं कवितावाचन होतं. अण्णा येडशीच्या एका विहिरीतनं तसेच आले. ओली हाफचड्डी, खांद्यावर दोराचं वेटोळं, केसांत शेवाळ. दारावरच्यानं विचारलं, "हे तुमचे कोण?" म्हटलं, "कुणी नाहीत." आत शेजारी शिवलीला बसलेली. ती मुरुमची, आणि सातांपैकी पाच वह्यांचं कारण. म्हणाली, "अरे, ते काका तुलाच बघायलेत." म्हटलं, "गावाकडचे असतील कुणी." सरांनी विचारलं, "ओळखतोस का रे त्यांना?" म्हटलं, "न्हाय, सर."

आणि अण्णांचा मोबाईल वाजला. त्यांच्या फोनला कोंबड्याची रिंगटोन आहे. भर सभागृहात कोंबडा आरवला! खोटं वाटत असेल तर शंभूला विचारा. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. पेत्र निदान बाहेर जाऊन रडला. मी स्टेजवर जाऊन 'बाप' नावाची कविता वाचली.

टाळ्या पडल्या. अण्णांनीपण वाजवल्या. घरी जाऊन आईला म्हणाले, "पोरगं झकास वाचतंय की." बाकी एक अक्षर न्हाय. आजपातूर न्हाय.

ही कबुली, मी पायऱ्या उतरत असताना, राजनंदिनीनं काठावरून मोठ्यानं वाचावी.

कलम पाच. पेत्राचं पुढं काय झालं? क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठला, आणि एका पहाटे तळ्याच्या काठी उभा. नावेतनं ओळख पटल्याबरोबर गड्यानं अंगरखा गुंडाळला आणि टाकली उडी. ह्या खेपेला येऊ का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आणि उडी कुणाकडं, तर ज्याला नाकारलं त्याच्याकडंच! काठावर निखारे, मासे, भाकरी. आधी न्याहारी, मग जाब. जाब तरी कसला? माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच. तीनदा.

आज दिवस उजाडताच अण्णा विहिरीवर जाऊन शेवटच्या पायरीवरचं शेवाळ विटेनं घासून आले. का? "पोरगं घसरंल." मग माझ्यापुढं ताट सरकवलं. मासे नव्हते, शेंगाची चटणी होती. "खा. रिकाम्या पोटी पाणी लई गार लागतंय."

म्हणून कलम चार दुरुस्त केलं आहे. राजनंदिनीनं काही वाचायचं नाही. बहिणीच्या तोंडून कळवणं म्हणजे चौथ्यांदा "न्हाय" म्हणणंच झालं.

साक्षीदार:
१. शंभू, राहणार ढोकी. सही (एका हातानं, दुसऱ्यात शेळी).
२. राजनंदिनी शिनगारे. सही. शेरा: दोन नव्हे, दीड दिवसात शिकले.

ठिकाण: लिंबाजीकाकांच्या विहिरीचा काठ, ढोकी.
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार. विहिरीला भरपूर पाणी.

थांबा, सही राहिलीय. अण्णा पाण्यात उतरलेत, त्यांचा सदरा माझ्याशेजारी पडलाय, आणि सदऱ्यात कोंबडा आरवायलाय. खालनं अण्णा ओरडले, "रणधीर, कोण हाय बघ रं!"

उचलला. कुणाची तरी मोटार पडलीय. "बलभीमअण्णा हायत का? तुमी कोण?"

"मुलगा."

"कोण? रेंज न्हाय हितं!"

"त्यांचा मुलगा!"

"आरं कोण बोलतंय?"

"बलभीम शिनगाऱ्यांचा मुलगा बोलतोय म्या!"

विहिरीत तिन्ही वेळा घुमलं. अण्णा वर बघायलेत, मी चावलेला कान चोळत.

पाळकसाहेब म्हणायलेत, "पायरीपायरीनं ये, रणधीर." पायरीपायरीनं कशाला? राजनंदिनी, पेन धर. चप्पल बघ. आलो, अण्णा —