तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

प्रिय खारुताई,

तुझे फोन येऊन जातात आणि मी उचलत नाही. आई रुसलीय का, असं तू बाबांना विचारलंस म्हणे. रुसलेली नाही गं. फोनवर माझा आवाज तुला लगेच कळतो. पहिल्याच वाक्याला "आई, काय झालं?" म्हणतेस आणि मी "काही नाही, सर्दी" म्हणून वेळ मारून नेते. या वेळी सर्दीवर भागणार नाही, म्हणून लिहायला बसले. बिलांवर सह्या करून करून माझ्या अक्षराचं पार मातेरं झालंय. लागेल तसं लावून घे.

आधी घरचं सांगते. कपडे धुवायचं मशीन दुरुस्त झालं, पण आता फिरताना ते जागचं सरकतं आणि थेट दारापर्यंत येतं. तेही आंदोलनाला निघालंय की काय, असं मी बाबांना म्हटलं, तर ते खूप हसले. शेजारच्या काकू अजून मांजर आपलं नाही म्हणतात आणि रोज त्याला दूध घालतात. तुझ्या खोलीला मी हात लावलेला नाही, फक्त धूळ पुसते. बाबा मात्र घरी नसतातच. रविवारी सकाळी येतात, अंघोळ करतात, धुतलेले कपडे पिशवीत भरतात आणि परत आमच्या कचेरीसमोरच्या त्या तंबूत जाऊन बसतात.

ते तिकडे गेले कसे, हे तुला त्यांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेलच. माझ्या बाजूने ऐक. शहराबाहेरच्या वस्त्यांच्या बस बंद होणार, तिजोरीत पैसा नाही, अशी बातमी आली, त्या दिवशी ते भाजी निवडत होते. सुरी खाली ठेवून म्हणाले, "मग त्या बायका घरी जाणार कशा?" त्या बायका म्हणजे इस्पितळात आणि मोठ्या दुकानांत झाडू मारणाऱ्या. बाबा चालवायचे त्या बसमध्ये शेवटच्या बाकावर झोपून जायच्या आणि शेवटच्या थांब्यावर बाबा त्यांना उठवायचे. मी म्हटलं, "अहो, तुम्ही निवृत्त झालात. तुमची पेन्शन चालू आहे. तुमचं काय जातंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या प्रवाशाने चुकीच्या बसला हात दाखवल्यावर पाहायचे. रागाने नाही. नुसतं, ही बाई कुठे निघालीय, असं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मी रागावले होते, हे खरं. ठिय्याला बसायला जगात दुसरी जागा नव्हती का? बरोबर माझ्या कचेरीसमोर! तिथे पुढच्या दालनाचं काम चाललंय, चकचकीत दगडी फरशी आणि वर काचेचा घुमट. त्या फरशीची बिलं माझ्या टेबलावर येतात. तंबूंभोवती लावलेल्या लोखंडी कठड्यांच्या भाड्याची बिलंही माझ्याच टेबलावर येतात. दुपारी डबे उघडले की आमच्या खोलीत दुसरा विषय नसे. हेडक्लार्क म्हणायचे, "या लोकांवर पहारा ठेवायला जेवढा खर्च होतोय, तेवढ्यात बस चालवता आल्या असत्या." एकदा नव्याने लागलेली टायपिस्ट म्हणाली, "मग चालवायच्या होत्या ना, साहेब." मी डब्यात तोंड घालून बसले. खरं सांगू, मला तिचं पटलं होतं. पण पटणं आणि तोंड उघडणं यात एवढं अंतर असतं, हे मला या वयात कळलं.

आमच्या खोलीतली ती बाई तुला आठवते का? सगळ्या मजल्यांच्या खबरा ठेवते म्हणून आम्ही तिला बातमीपत्र म्हणतो. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझे मिस्टर काय करतात गं हल्ली?" आणि मी म्हटलं, "घरीच असतात. कुंड्या-बिंड्या करतात." का म्हटलं? नोकरी गेली नसती. कुणी बोललंही नसतं फारसं. पण खाली तंबूत बसलेला माणूस माझा आहे म्हटलं असतं, तर त्या खोलीतली माझी जागा बदलली असती. त्यांच्यातली एक होते, ती 'त्यांच्यातल्या एकाची बायको' झाले असते. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुझ्या बाबांना कुंड्यांमध्ये नेऊन बसवलं.

आणि बाबा रोज हात करायचे. माझ्या खिडकीत कोरफडीची कुंडी आहे, तिच्यावरून त्यांनी माझी जागा शोधून काढली. जेवणाची सुट्टी झाली की रुमालाने हात पुसायचे, वर बघायचे आणि बस सोडताना करायचे तसा उजवा हात उंच करायचे. पहिले काही दिवस मीही टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशी, बोटं हलवली. हसू नकोस. नाही, हसलीस तरी चालेल. मग बातमीपत्राच्या ते लक्षात आलं. "बघा बघा, आला सलाम! कुणाला करतो कोण जाणे." हेडक्लार्क म्हणाले, "आपल्या फरशीला." खोली खदखदून हसली. आणि खारुताई, मीही हसले. तोंडदेखलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, म्हणजे कुणाला शंका येऊ नये.

यानंतर तो फोटो आला, जो तू पाहिलास आणि जगाने पाहिला. घडीच्या खुर्चीत बाबा, डोक्यावर ती गळ्याशी दोरी बांधायची टोपी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्याच्या टबात आणि हात वर. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'जनतेच्या पैशावर सहल'. इतकी वर्षं क्लच दाबून त्यांचे घोटे सुजतात आणि डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितलंय, हे त्या फोटोत कुठे दिसणार? आमच्याच इमारतीतल्या सभागृहात एका सदस्याने तो फोटो उंच धरला. "यांच्यासाठी स्वच्छतागृहं, यांच्यासाठी पोलीस, यांच्यासाठी सफाई! समुद्रावर आल्यासारखे बसलेत!" समोरचे ओरडले, "घुमटाचं बोला, घुमटाचं!" आणि मग कुणाचंच काही ऐकू येईना. आमच्या गल्लीतही दोन तट पडले. वाणी म्हणाला, "तुमच्या साहेबांनी लाज आणली." औषधाच्या दुकानातल्या मुलीने मला सुट्टे परत देताना हळूच सांगितलं, "काकांना सांगा, माझी आई त्याच बसने यायची." मी दोघांनाही मान डोलावली. माझी मान त्या दिवसांत कुणाकडेही डोलायची.

रविवारी बाबा आले तेव्हा मला वाटलं, आता घरात वादळ होणार. त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "चांगला आलाय गं. पोट दिसत नाही." मग पायांना तेल लावत म्हणाले, "वरच्या साहेब लोकांपैकी कुणी काढला असेल. जाऊ दे. त्यांनाही दुपारची करमणूक पाहिजे." मी मशीन लावायला आत गेले आणि कपडे नसताना ते तसंच चालू केलं.

तू मात्र सोडलं नाहीस. "आई, तुझ्याच इमारतीतून काढलाय. कोण तो नीच, शोधून काढ," असं तू मला बजावलंस. आणि मग तू तो मजकूर लिहून इंटरनेटवर टाकलास. किती सुंदर लिहिलंस गं. बाबांचे घोटे, झोपलेल्या बायका, सगळं. पण शेवटी तू लिहिलंस की, माझी आई त्याच इमारतीत काम करते आणि हे दोघं रोज दुपारी एकमेकांना हात करतात, तो खाली आंदोलनात आणि ती वर नोकरीत, आणि माझ्या घरात मी प्रामाणिकपणा असा पाहिलाय. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी एका बाईने माझा हात धरला. झाडूने घट्टे पडलेला हात होता तो. म्हणाली, "ड्रायव्हरकाका तुमच्याबद्दल फार सांगतात. तुमच्यासारखी बायको असली की माणूस कुठेही बसू शकतो." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. मी त्या फाटकाशी खरोखर खाली बघितलं.

वर कचेरीत मात्र उलटं झालं. बातमीपत्राने तुझा मजकूर वाचला होता. ती माझ्या टेबलापाशी आली, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत तिरस्कार नव्हता, भीती होती. तिला कळलं होतं की ती कुणाच्या नवऱ्याला हसत होती. आणि तिला हेही कळलं होतं की मला ते पहिल्यापासून माहीत होतं. दुपारी ती आपला डबा घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. माझ्याबरोबर बसायची तिलासुद्धा लाज वाटली.

बाबांना मी या रविवारी विचारलं, "मीही तुम्हाला हात करते, असं तुम्ही खारूला का सांगितलंत?" ते नवलाने म्हणाले, "म्हणजे? करत नाहीस?" मग स्वतःच म्हणाले, "उन्हात काच चमकते. मला कुंडी दिसते, तू नाही दिसत. पण तू करतच असशील, त्यात विचारायचं काय." मला वाटत होतं की त्यांनी माझी बाजू सावरली असेल, मला झाकलं असेल. तसं काही नव्हतं. त्या माणसाने रोज एका चमकत्या काचेवर विश्वास ठेवला होता.

तेव्हा मी त्यांना सांगितलं, आणि आता तुला सांगते. तो फोटो मी काढलाय. बातमीपत्राने आपला फोन माझ्या हातात दिला, "तुझी खुर्ची खिडकीशी आहे, तूच काढ, माझा हलतो." काच मळकी आहे म्हणता आलं असतं. नको म्हणता आलं असतं, नुसतं नको. मी फोन घेतला आणि थांबले. त्यांनी रुमाल काढला तेव्हा थांबले, हात पुसले तेव्हा थांबले, वर बघितलं तेव्हाही थांबले, आणि हात पूर्ण वर गेला तेव्हा दाबलं. म्हणून तो इतका नीट आलाय. दुसऱ्या कुणाला ती वेळ साधली नसती. तो पुढे कुणी पाठवला, त्याखाली कुणी काय लिहिलं, ते माझ्या हातून झालं नाही. पण तू ज्याला नीच म्हणालीस, तो कोण हे तुला हवं होतं, तर ती मी.

बाबांनी ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. उठले, स्वतःचा कप विसळला, कधी विसळत नाहीत, आणि पिशवी घेऊन निघाले. काल आणि आज दुपारी त्यांची खुर्ची झाडाच्या पलीकडच्या अंगाला होती. ऊन लागतं, असं तिथे सांगितलं असेल.

आता हे पत्र का, ते. तुझ्या मजकुरामुळे तंबूतल्या लोकांनी येत्या रविवारच्या सभेत मला बोलवायचं ठरवलंय, दोन शब्द बोलायला. आणि तूही त्यासाठी सुट्टी काढून येतेयस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जाताना बाबा दारात थांबून एवढंच म्हणाले होते, "पोरीला कळू देऊ नकोस. त्या दिवशी तू आजारी आहेस असं मी सांगेन. तिच्या मनात तू आहेस तशी राहू दे." माझ्याकडे बघायलाही तयार नसलेल्या माणसाने जाता जाता माझ्यासाठी केलेली ही सोय आहे. लग्न झाल्यापासून मी त्यांचं पुष्कळ ऐकलं नाही, पण हे न ऐकताना मला पहिल्यांदा बरं वाटतंय. मी आजारी पडणार नाही. मी सभेत उभी राहीन आणि तुला लिहिलंय तेच सांगेन, मग ते हेडक्लार्कच्या कानावर जावो नाहीतर ते सभागृहातले लोक त्याचं काहीही करोत. फक्त तुला ते गर्दीत उभं राहून कळू नये, एवढ्यासाठी हे आधी. तुझा मजकूर तू काढून टाकलास तरी चालेल. बाबांबद्दलचं मात्र ठेव, ते सगळं खरं आहे. शनिवारी स्टेशनवर तुला घ्यायला मी आले तर चालेल का, तेवढं कळव. नको म्हणालीस तर बाबा येतील. मी घरी वरण-भात न करता नुसती वाट बघेन म्हणते, कारण तू जेवशील की नाही, तेही मला आता ठरवता येत नाही.

तुझीच,
आई