पौंडामागे सगळ्यात स्वस्त टर्की

१३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. यंदा २३ तारखेच्या थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीचा पक्षी, म्हणजे टर्की, मी आणणार. गेल्या वर्षी साडू रॉइसने सगळ्यांसमोर फुशारकी मारली, पौंडाला नव्वद सेंटने मिळाली म्हणे. यंदा त्याची बोलती बंद. शिवाय कर्स्टन तीन वर्षांनी घरी येतेय. लेकीला कळू दे, बाप रिटायर झाला तरी डोकं शाबूत आहे.

लॉरेन म्हणाली, कुठूनही आण, पण रविवारी फ्रीजमध्ये दिसली पाहिजे, गोठलेली टर्की वितळायला चार दिवस लागतात. बायकोला प्रत्येक गोष्टीची घाई.

१५ नोव्हेंबर, बुधवार
घाऊक क्लब: ८९ सेंट. पण मेंबरशिप साठ डॉलर. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, एका टर्कीपुरती द्या. ती हसली. मी हसलो नाही.

नाक्यावरचा खाटीक: ताजी, न गोठवलेली, चार डॉलर. बाजूला ठेवू का, विचारत होता. म्हटलं, बाबा रे, मला टर्की हवीय, तुझं दुकान नकोय.

ऑरगॅनिकवाले: भावाच्या पाटीवर शेतकऱ्याचा फोटो. भाव न वाचताच बाहेर.

१९ नोव्हेंबर, रविवार
सापडली! सुपरमार्केटची जाहिरात: दीडशे डॉलरची खरेदी करा, टर्की पौंडाला ३९ सेंट. घेतली नाही. भाव अजून पडणार. आत्ता घेणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

लॉरेन म्हणाली, आज रविवार आहे, व्हर्लिन. एवढंच म्हणाली. वाटतं समजलं तिला.

संध्याकाळी कर्स्टनचा फोन. खाटकाकडची घेऊन टाक बाबा, पैसे मी देते, मला फक्त आपल्या घरी जेवायचंय. आवाज जरा ओला वाटला. लाइन खराब असावी.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
२९ सेंट!! म्हटलं होतं ना? धावत गेलो. फ्रीजर रिकामा. लॉरेनला सांगितलं, सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय.

२२ नोव्हेंबर, बुधवार
त्याच सुपरमार्केटची पलीकडच्या गावातली शाखा, चाळीस मैल, बर्फात. शेवटची टर्की, बावीस पौंडी. एका म्हातारीचा हात तिच्याकडे वळत होता. माझा आधी पोचला. दीडशे डॉलर पुरे करायला मांजराचं खाणं घेतलं. आमच्याकडे मांजर नाही, पण पाळता येईल.

लॉरेनने टर्कीवर बोटांनी टकटक केलं. दार वाजवल्यासारखा आवाज आला. टर्की बाथटबमध्ये, गार पाण्यात. दर अर्ध्या तासाने पाणी बदललं की सकाळपर्यंत मऊ. जागणार आहे.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ
डोळा लागला. जरासाच. वरची बाजू मऊ आहे, आतून दगड. घाबरायचं कारण नाही.

कर्स्टन आली. हात धुवायला बाथरूममध्ये गेली, तिथेच कोट काढून टबाशी बसली आणि पाणी बदलायला लागली. मी भाव सांगितला. म्हणाली, अरे वा. म्हणजे पटलं.

दुपार
अजून दगड. लॉरेनने बहिणीला, डार्लीनला, फोन केला. रॉइसच्या घरी जेवण! त्या माणसाच्या टेबलावर! मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, ही शिजली की घेऊन येतो.

कर्स्टन दारात बूट घालून उभी राहिली. म्हणाली, उद्या पहाटेचं विमान आहे बाबा, चल ना. म्हटलं, थोडंच राहिलंय. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळ
मऊ झाली! ओव्हनला पाच तास लागणार. चालेल. २९ सेंट. अख्ख्या काउंटीत कोणाला मिळाली नसेल. रॉइसला सांगायला फोन लावला.

कर्स्टनने उचलला. मागे सगळे हसत होते. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, बाबा, जेवलास का?

म्हटलं, हो.