सर्वांत लांब रकाना

मॅडम, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमच्याकडे संख्याशास्त्र शिकलेली मी आता नागपुरातल्याच एका खासगी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात आहे. तिथं माझ्या हातून एक गोष्ट झाली. दुसऱ्या कुणाला सांगितली तर त्याला ती नीट कळणार नाही, किंवा तो मला फार लवकर माफ करून टाकेल. तुम्हाला कळली असती, आणि तुम्ही माफ केलं नसतं.

मे महिन्यातला तो तास आठवतो. वर्गातला कूलर नुसताच गरगरतोय, टाकीत पाणी नाही, आणि तुम्ही फळ्यावर आकड्यांच्या दोन रांगा लिहिताय. एक विकल्या गेलेल्या कूलरांची, दुसरी उष्माघातानं गेलेल्या माणसांची. दोन्ही सोबत चढतात, सोबत उतरतात. मी सहसंबंधाचा गुणांक अचूक काढला आणि खाली लिहिलं, म्हणून कूलरचा मृत्यूंवर परिणाम होतो. तुम्ही माझी वही उचलली. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की घरची भाषा यायची. "कूलरनं माणसं मरून राहिली का वं? हा 'म्हणून' कुठून आणला तू? ऊन कुठं गेलं?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तो एकच शब्द खोडलात, इतक्या जोरात की पान फाटलं.

मग परीक्षेच्या आधी तुम्ही मला घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आपण तुरीची डाळ निवडत होतो. तुम्ही डबा माझ्यापुढे सरकवला. "डोळे मीट, मूठ भर, खडे मोज." मी मोजले. "आता या डब्याबद्दल काही बोलता येते. पण जिथं खडे दिसले तिथंच हात घातला अन् मंग म्हटलं, पहा किती खडे, तर ते मोजणं नाही. ते आधीच ठरवणं आहे." मी मान डोलावली. मला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं.

आमच्या अतिदक्षता विभागात एक सिस्टर होती. अनुभव दांडगा, बोलणं रोखठोक. एका उन्हाळ्यात तिच्या ड्युटीत लागोपाठ काही पेशंट गेले, आणि त्यातल्या एकाच्या मुलानं काउंटरवर आरडाओरडा केला, "हे बाई असली का माणूस जातेच!" मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. कुणाच्या ड्युटीत किती मृत्यू झाले, त्याचा तक्ता करा म्हणाले. कोणत्या महिन्यांचा, मी विचारलं. तक्रार आली तेच महिने घ्या. मी घेतले. खडे दिसले तिथंच हात घातला, मॅडम, आणि उघड्या डोळ्यांनी. प्रत्येक सिस्टरच्या नावाखाली एकेक मृत्यू मांडत गेले, तर तिचा रकाना सर्वांत लांब आला. इतक्या जणींमध्ये कुणाचा तरी सर्वांत लांब येणारच होता, हे मला सुचलं नाही. खाली मी लिहिलं, हा फरक योगायोगाचा वाटत नाही, म्हणून चौकशी व्हावी. चौकशी कुणी केलीच नाही. माझा कागद हीच चौकशी ठरली, आणि त्याच आठवड्यात तिला काढलं.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, मले तो कागद दाखवा न. कोणता पेशंट कसा आला होता, मी सांगते. एकेक सांगते."

परवानगी नाही, मी म्हणाले.

तिनं पर्स खांद्याला लावली. "त्या पेशंटांले तुम्ही पाह्यलं तरी होतं का?"

मी कॉम्प्युटरवर पुढची फाईल उघडली. शहरात दवाखाने पुष्कळ आहेत, पण ती कुठंही गेली तरी बातमी तिच्या आधी पोचलेली असायची. कुणी तिला घेतलं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी मी जुन्या फायली काढल्या, तेव्हा दिसलं. व्हेंटिलेटरवरचे, घरच्यांनी आशा सोडलेले पेशंट दाराजवळच्या दोन बेडवर असायचे, आणि ते बेड बहुतेक वेळा तिच्याकडेच. तिचा हात सगळ्यांत चांगला, म्हणून मोठे डॉक्टरच तसं सांगायचे. मी तिच्या आणि इतर सिस्टरांच्या सारख्याच गंभीर पेशंटांची तुलना केली. फरक उरला नाही. ती गेल्यानंतरचे महिने मोजले. मृत्यू कमी झाले नव्हते. ते दोन बेड ज्या नव्या मुलीला मिळाले होते, आता तिचा रकाना लांब होत चालला होता. मोठ्या डॉक्टरांनी माझा नवा तक्ता पाहिला, त्याची घडी घातली, "आता हे उकरून कोणाचं भलं होणार?" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

तक्त्याची प्रत घेऊन मी कोराडीच्या बसमध्ये बसले. ती तिथं वीज केंद्रात नोकरीला असलेल्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहते, असं कळलं होतं. दार तिनंच उघडलं. आत खाटेवर तिची म्हातारी आई पडलेली. मी बोलत सुटले, दाराजवळचे बेड, गंभीर पेशंट, चुकीचे महिने, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा पह्यला कागदही मोजूनच केला होता न?"

हो.

"मंग हाच खरा कशावरून?"

मी समजावून सांगणार, तेवढ्यात आईला खोकल्याची उबळ आली. औषधाची बाटली सिस्टरच्या हाताशीच होती. ती उठली नाही. तिनं आत हाक मारली, "वहिनी, आईले औषध देता का वं?" वहिनी येऊन औषध देऊन गेली. "मी आता कोणाले हात लावत नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "खरंच माझ्या हातात काही असन तर?"

माझ्याकडे उत्तर होतं, गणितासकट. ते ऐकायला ती थांबली नाही. कपडे वाळत आहेत म्हणून मागच्या दारी गेली. तक्ता मी टेबलावर ठेवून आले. तो तिनं वाचला की नाही, मला माहीत नाही.

हे पत्र वहीतच राहील. वाचणाऱ्याला वाटेल, मी हिशेबात चुकले. तसं नाही, मॅडम. तक्ता करायच्या महिनाभर आधी त्या सिस्टरनं मला सगळ्यांसमोर झापलं होतं, दुसऱ्याच पेशंटची फाईल वर अतिदक्षता विभागात पाठवली म्हणून. चूक माझीच होती. तक्त्यात तिचा रकाना लांबत खाली खाली जाऊ लागला, तेव्हा मला बरं वाटलं होतं.