हातब्रेक कोणी ओढला

१२ नोव्हेंबर १९६४, बार्शीटाकळी
लायसन्स मिळालं! अठरा पूर्ण झाल्याबरोबर अर्ज टाकला होता. अकोल्याचा साहेब माझ्या मागं पाहत होता, गाडी चालवणारा कुठाय म्हणून. मीच, म्हटलं.
बाबांचा गुडघा कामातून गेला, ठेवलेला ड्रायव्हर ट्रकवर निघून गेला. आता मळ्याची भाजी अकोल्याच्या बाजारात मीच नेणार. जीप मिलिटरीतली, जुनी. चालवायला शिकवलं बाबांनीच. तरी म्हणाले, "चालव तू. मी बाजूले बसतो."

१६ नोव्हेंबर
अकोल्यापर्यंत एकच घोष. हळू! गीअर! बैल!
"बाबा, बैल मलेही दिसते."
"दिसते, तरी सांगून राह्यलो."
बाजारात आडत्या हसला, "माळीबुवा, पोरीच्या हाती जीव देला काय?"
बाबा म्हणाले, "मी हावो ना बाजूले!"
म्हणजे गाडी त्यांनीच आणली. मी नुसती चाक धरून.

२३ नोव्हेंबर
बाबांना ताप. एकटी गेले, एकटी आले. काय मजा! गाणं म्हणत आले.
घरी येऊन पाहते तर बाबांना सगळं ठाऊक. एस.टी. मागं टाकली ते, पुलाजवळ थांबले ते. नाकेवाला, कंडक्टर, चहावाला, सगळ्यांना सांगून ठेवलेलं. अख्खा रस्ता माझ्यावर पहारा देऊन राहिला!
माय म्हणे, "काळजी वाटते त्याईले."
काकांचा मधू माझ्याच वयाचा. मोटरसायकल घेऊन चांदूर रेल्वेपर्यंत जातो. त्याची काळजी कोणालेच कशी नाही? माय भाकरी थापत राहिली.

३० नोव्हेंबर
मनगट सुजलंय, तरी लिहिते. लिहायलाच पाहिजे.
नाल्याजवळच्या वळणावर शेतातून बैलगाडी आडवी आली. मला दिसली होती. पाय ब्रेकवर होता, वेग उतरत होता. बाबांनी हात घालून हातब्रेक ओढला. जीप फिरली आणि नालीत. टमाटे, मेथी, सगळं चिखलात. बाबांच्या कपाळातून रक्त.
माणसं धावली. "पोरगी चालवत होती," कोणीतरी म्हणालं. बाबांनी ऐकलं. बोलले नाहीत.
रक्त वाहत होतं, म्हणून मीही गप्प.

३ डिसेंबर
आज गप्प राहिले नाही. काका समाचाराला आलेले. म्हणे, पोरीले आता घरात ठेवा.
मी बाहेर येऊन म्हटलं, "हातब्रेक कोणी ओढला, ते सांगा ना बाबा."
"मी ओढला नसता तं गाडीवान मेला असता."
"पाय ब्रेकवर होता माहा!"
"मले काय मालूम!"
मायनं आत ओढलं. मधू दारात उभा राहून हसत होता.
मालूम नव्हतं. खरंच नसेल. पण विचारायचं होतं ना! ओढायच्या आधी नाही, तर निदान नंतर.

९ डिसेंबर
जीप दुरुस्त होऊन आली. मी सांगून टाकलं, पुढच्या सीटवर मी एकटीच बसेन. नाहीतर चालवणार नाही.
"मंग उभी राहील गाडी," बाबा म्हणाले.
राहू दे. भाजी बैलगाडीनं गेली. उन्हं वर आल्यावर पोचली. मेथी माना टाकून. मायनं माझ्याकडं पाहिलं. वाईट वाटलं. पण मागं नाही घेतलं.

१४ डिसेंबर
सकाळी बाहेर आले तर भाजी जीपमध्ये भरलेली आणि बाबा मागं, पोत्यावर बसलेले. गुडघा दोन्ही हातांनी धरून.
"तिथं काहून बसले?"
"इथून हात पुरत नाही."
हसू आलं. दाखवलं नाही. "आन् तोंड?"
गाडी काढली. नाल्याच्या वळणावर मी मुद्दाम कान देऊन होते. मागून एक खोकला. बस.
बाजारात आडत्यानं सगळ्यांसमोर विचारलंच, "काय बुवा, पोरीनं पाडली म्हणे नालीत?"
बाबा पोत्याची गाठ सोडत होते. सोडतच राहिले. मी वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, काय सांगतात ते ऐकायला. आडत्या म्हणाला, ठेव ना खाली.
नाही ठेवली.