जाळीमागचा पुठ्ठा

रविवार, १९ एप्रिल. संध्याकाळ

सुहास उद्या लहानग्या मुलीला घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला जाणार, आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागे यांनी बांधलेला पुठ्ठा अजून तिथेच. थंडीत वारा अडवला की पेट्रोल कमी लागतं, म्हणायचे. शिमगा झाला की स्वतःच काढायचे. यंदा थंडीतच हे गेले, पुठ्ठा राहिला. उन्हात त्याने इंजिन तापतं, मी वाचलंय. सुहासला सांगितलं तर म्हणतो, "राहू दे गो आई, बाबांच्या हातचा आहे."

आणि घाटात गाडी तापून बंद पडली तर? चहासुद्धा गोड लागेना. शेवटी कात्री घेऊन मीच गेले. पण सुतळी कापवेना, नखांनी गाठी सोडवत बसले. पुठ्ठा निघाला. थंडीत परत बांधायला हवा. यांच्यासारखी गाठ मला जमेल?