आबांची कडी

उज्जैन

चि. कोकिळा,

दादाचा आशीर्वाद, आणि सोबत एक गंभीर तक्रार. आबांच्या पंचाहत्तरीवर तू जो सिनेमा केलास, त्याच्या आभारात माझं नाव केळीच्या बागेनंतर येतं. असो.

संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना झाली की निघून जातो. तू वीस मिनिटं हलत नाहीस. आबा चहा पितात आणि तू सांगतेस, ‘आबा चहा पीत आहेत.’ अगं, दिसतंय ना!

आणि ती कडी! आबा फाटकापर्यंत जातात, परत येऊन दाराची कडी चाचपतात. असं चार वेळा, आणि दर वेळी बासरी. ‘घराची ओढ’ म्हणे. तुझी वहिनी म्हणाली, “किती छान प्रतीक!” मी मात्र तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला.

कारण चौथ्या खेपेला बासरीखाली आबा पुटपुटतात, “मी कोठी चाललो व्हतो?” कुठे निघालो तेच आठवेना त्यांना! ते मी सहादा ऐकलं.

खरं सांग, कडी चाचपायला तू सांगितलंस की आबा आपणहून करत होते? रोज जवळ असलेल्याला असं लवकर दिसत नाही. जळगावला डॉक्टरांची वेळ घे, शनिवारी मी असोद्याला घरी पोचतो.

भीती एकच वाटते. आबा कडी काढतील आणि मला विचारतील, “कोण पाहिजे?”

तुझा,
दादा